गॉगल काढून खेळायचं

काष्टीच्या बैलबाजारात गहिनीनाथनानांनी कधी बैलाकडे बघितल्याचं कुणाला आठवत नाही. दलालीत त्यांचा हात धरणारा दुसरा नव्हता. पण दात मोजणं, खूर उचलून बघणं, पाठीवर थाप मारणं ही सगळी कामं घेणाऱ्याची, असं त्यांचं ठाम मत होतं. नाना बघायचे ते घेणाऱ्याकडे. त्यातही तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे.

"ज्या बैलाला गिऱ्हाईक नावं ठेवतं, त्याच्याकडंच वळून वळून बघतं," नाना सांगायचे. "आन ज्याचं कवतिक करतं, त्याच्याकडं पाठ करून हुबं ऱ्हातं. मंग मी बैल कशाला बघू? मला काय नांगराला जुपायचाय त्यो?"

एखादा शेतकरी एखाद्या तांबड्या खोंडाची शिंगं वाकडी आहेत म्हणून नाक मुरडायला लागला, की नाना समजायचे, तांबडा खपला. मग खांद्यावरचा टॉवेल घेणाऱ्याच्या हातावर पडायचा, टॉवेलाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, आणि आपल्या मनातलं ह्या म्हाताऱ्याला कळलं कसं याचा विचार करत शेतकरी खोंड घेऊन घरी जायचा. एकाच प्रकारच्या माणसाशी नाना सौदा करत नसत. काळा गॉगल लावून येणाऱ्याशी. "तोंड झाकून आलास तर चालंल," ते त्याला भर बाजारात सुनवायचे, "डोळं झाकून आलास तर आला तसा माघारी जा."

अशा माणसाच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. देवाला कधीकधी चेष्टा करायची हुक्की येते ती अशी. उजव्या डोळ्यालाही लांबचं धूसर दिसायला लागलं होतं. हातभर अंतरावरचं मात्र त्यात लख्ख दिसायचं. नानांनी ह्याचा आपल्या सोयीचा अर्थ काढला. गिऱ्हाईक हातभर अंतरावरच उभं असतं, लांबचं बघून करायचंय काय? त्यांच्या बायकोला, आक्काबाईंना, हा अर्थ पटत नव्हता. नगरला डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन ऑपरेशन करून घ्या, असं त्या दिवाळीपासून सांगत होत्या, आणि नाना दर वेळी दुसरा विषय काढत होते.

खरी गोष्ट अशी होती की नाना भीत होते. पूर्वी बाजारात त्यांच्याच तोडीचा एक दलाल होता. त्याचं ऑपरेशन बिघडलं, एक डोळा गेला. त्यानंतर लोक त्याला रामराम घालायचे, बसायला जागा द्यायचे, चहाही पाजायचे. सौदा मात्र दुसऱ्याकडे न्यायचे. तो चहा नानांनी बघितला होता. आपल्यावर तसला चहा प्यायची वेळ येऊ नये, एवढंच त्यांना वाटायचं. दलालाची नजर गेली ही बातमी बाजारात पसरली की दलाल संपला.

बातमी पसरत नव्हती, कारण नानांची थट्टेखोर म्हणून ख्यातीच एवढी होती. एका शनिवारी बाजाराच्या कडेला कुणीतरी काळ्या ताडपत्रीखाली बुलेट लावली होती. नानांनी जाता जाता तिच्यावर प्रेमाने थाप मारली आणि विचारलं, "अंगानं चांगला भरलाय की. किती दाती?" लोक पोट धरून हसले. दुसऱ्या वेळी दौंड रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर मागून कर्णा वाजवत आला, तर नाना डाव्या हाताने त्याला "सरक की जरा, म्हशे" म्हणाले. त्यावरही लोक हसले. नाना ट्रॅक्टरलाही मोजत नाहीत, असं वर कौतुक झालं. नानाही सगळ्यांबरोबर हसायचे आणि घरी आल्यावर गुपचूप बसून राहायचे.

आक्काबाई हसल्या नाहीत. त्या आजवर नानांच्या मागून चार पावलं अंतर ठेवून चालायच्या, गावच्या सगळ्या बायका चालतात तशा. हल्ली त्या शेजारून, पिशवी सावरत, डाव्या अंगाने चालायला लागल्या होत्या. नानांनी ते बघितलं आणि घरात टीव्ही आल्याचा हा परिणाम असणार असं ठरवून टाकलं.

आता जालिंदरची ओळख करून दिली पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्या दुकानात घडलं. जालिंदर बाजारतळाला लागूनच रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवायचा. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली टेबलावर पोट फाडलेले रेडिओ, आणि टेबलासमोर एक बाकडं. त्या बाकड्यावर बाजाराच्या दिवशी उन्हं तापली की नाना येऊन बसायचे. जालिंदर चहा सांगायचा. नाना "रामराम" म्हणायचे, जालिंदर "जयभीम" म्हणायचा, आणि पुढे दोघंही बाजाराला शिव्या द्यायचे. असं बरीच वर्षं चाललं होतं.

शहाण्णव साली जालिंदरने पुण्याहून एक जुनं व्हिडिओ गेमचं खोकं आणलं. पुरुषभर उंचीचं, त्यात पडदा, खाली दांडी आणि बटणं. रुपया टाकायचा आणि विमान उडवायचं. खिडकीला गोणपाट लावून दुकानात अंधार केला, दारावर मुलाच्या नावाने 'सम्राट व्हिडिओ गेम' अशी पाटी लावली, आणि खोकं आत घेतलं. आता प्रश्न बाकड्याचा आला.

"नाना, बाकडं जरा भायेर घेऊ का?"

"ह्या बाकड्यावर म्या तुझ्या बापासंगं च्या पिलाय," नाना म्हणाले. ते उठले नाहीत.

तेव्हा खोकंच बाकड्याशेजारी बसवावं लागलं. त्यामुळे झालं असं, की खेळणारा पडद्याकडे तोंड करून उभा राहायचा आणि नाना खोक्याला टेकून खेळणाऱ्याकडे तोंड करून बसायचे. पडदा त्यांना दिसत नव्हता. त्यांना दिसायचा तो अंधारात उजळलेला एक चेहरा, आणि त्यात हातभर अंतरावर भिरभिरणारे दोन डोळे. नानांच्या आयुष्यात गिऱ्हाईक इतकं सोयीने उभं राहिलं नव्हतं.

पहिले काही दिवस ते नुसते बघत होते. मग एका दुपारी राम नावाचा टेम्पोवाला खेळायला आला. कांद्याच्या गोण्या नगरला पोचवून हा गडी येता-जाता इथे रुपये घालवायचा आणि दर वेळी लगेच मरायचा.

"आता मरनार तू," नाना म्हणाले.

राम मेला. खोक्याने तसा आवाज केला.

"नाना, तुमाला काय दिसतंय तिकडनं?"

"तू खाली बघतोयास. सारखा खाली. काय हाय खाली?"

"माझं इमान हाय."

"मंग स्वोताच्या इमानाकडं कशाला बघतो? ते तुझंच हाय, पळून जातंय का? मारनारा कुठनं येतोय?"

"वरनं."

"मंग वर बघ की, येड्या!"

रामने दुसरा रुपया टाकला. "वर," नाना म्हणाले. रामचे डोळे वर गेले. थोड्या वेळाने खाली उतरायला लागले तसे नाना पुन्हा "वर" म्हणाले. "आता येकाच कोपऱ्यात गुतलास. दुसऱ्या कोपऱ्यात कोन हाय ते बघ." त्या दिवशी राम इतका वेळ जगला की बाहेर टेम्पोत खोळंबलेल्या कांद्याच्या मालकाने येऊन त्याची कॉलर धरली.

बातमी पसरली. दलाल नाना पडद्याकडे न बघता विमान चालवायला शिकवतात, ही गोष्ट श्रीगोंद्यापर्यंत गेली. कॉलेजची पोरं, एसटीचे ड्रायव्हर, बाजाराला आलेले बागायतदार, सगळे बाकड्यासमोर उभे राहायला लागले. नाना प्रत्येकाची नजर ओळखून होते. हा मोठ्या विमानाला घाबरतो आणि बारक्या गोळीने मरतो. ह्याची नजर बरोबर जाते, पण हात मागून येतो. हा मरायच्या आधी पापणी मिटतो. "मरताना डोळं मिटू नको, कोन मारतंय ते तरी बघून घे," नाना त्याला म्हणाले, आणि तो खरंच बघायला लागला आणि मरायचा थांबला.

त्या पडद्यावर नेमकं काय चाललंय, ते मात्र नानांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. वरून काहीतरी येतं आणि खालून ते हाकलायचं असतं, एवढ्यावरून त्यांनी ज्वारीच्या राखणीसारखं काहीतरी असेल असं धरलं होतं. लांबून वाकून पडदा बघितला तरी त्यांना नुसता धूरच दिसायचा, म्हणून ते वाकतही नसत.

जालिंदर आधी कुरकुरला. "नाना, तुमी समद्यास्नी जगवायला लागला तर माझं खोकं जेवनार काय?" पण बघ्यांची गर्दी वाढली, खोकं दिवसभरात क्षणभरही रिकामं राहीना, तेव्हा तो गप्प बसला.

एकदा केडगावहून सचिन नावाचा एक खेळाडू मोटारसायकलवर आला. नगर-पुणे रस्त्यावरच्या सगळ्या खोक्यांवर जास्तीत जास्त गुणांच्या यादीत आपलं नाव पहिलं आहे असं त्याने जालिंदरला सांगितलं आणि काळा गॉगल तसाच ठेवून तो खोक्यापुढे उभा राहिला. नाना त्याच्याकडे बघून बघून थकले. शेवटी त्यांनी खोक्यावर काठी आपटली.

"गॉगल काढ."

"का हो? तुम्हाला काय त्रास?"

"डोळं झाकून आलास तर आला तसा माघारी जा."

सचिनने काढला नाही. विमान पडलं, त्याचं नाव खोक्यावर काही लागलं नाही आणि तो गॉगलसकट केडगावला गेला. दुसऱ्या दिवशी जालिंदरने पुठ्ठ्यावर रंगाने लिहून खोक्याच्या डोक्यावर पाटी लावली: 'गॉगल काढून खेळायचं.' नानांना त्या पाटीचा फार अभिमान वाटला.

घरी मात्र ह्या कीर्तीचा त्यांनी गैरफायदा घ्यायला सुरुवात केली. आक्काबाईंनी ऑपरेशनचा विषय काढला की ते म्हणायचे, "अख्खा तालुका माज्या नजरेवर चाललाय, आन तू म्हन्ती मला दिसत न्हाई? जा, जालिंदरला इचार."

आक्काबाईंनी नगरच्या दवाखान्यात भाच्याकडून सोमवारचा नंबर लावून घेतला होता. नानांनी साफ सांगितलं, येणार नाही. आक्काबाई खरोखर जालिंदरला विचारायला गेल्या.

शनिवारी दुकान नेहमीसारखं भरलं होतं. राम खेळून बाजूला झाला, आणि पुढे येऊन आक्काबाई उभ्या राहिल्या. पदर खोचलेला, हातात रुपया. गावातली बाई त्या खोक्यापुढे आजवर उभी राहिली नव्हती.

"अगं, तू?" नाना म्हणाले. ते मनातून खूश झाले. आता हिला दाखवतोच, असं त्यांना वाटलं. "ये. दांडी धर. घाबरू नको, मी हाय."

आक्काबाईंनी रुपया टाकला. खोकं वाजायला लागलं. नानांनी नजर लावली.

"खाली बघू नको."

"न्हाई बघत."

"वर बघ."

"बरं."

"अगं वर म्हन्लो मी. कुठं बघत्येस? मधीच?" नाना पुढे सरकले. बायकोचे डोळे वर जात नव्हते, खाली जात नव्हते, कोपऱ्यात जात नव्हते. ते एकाच जागी थांबले होते. असे स्थिर डोळे नानांनी खोक्यापुढे कधी बघितले नव्हते. खोक्याने विमान पडल्याचा आवाज केला, मग दुसऱ्यांदा केला. "मरतीयस की तू! कुठं बघत्येस तरी कुठं?"

"तुमच्याकडं," आक्काबाई म्हणाल्या.

कुणीतरी हसलं. नानाही हसले. "आता ह्या वयात कशाला बघती माज्याकडं?"

"तुमच्या डाव्या अंगाला जालिंदर हुबा हाय," आक्काबाई म्हणाल्या. "मी रुपया टाकल्यापासनं त्यानं च्याची कपबशी तुमच्या म्होरं धरलीय. त्याचा हात भरून आला बिचाऱ्याचा."

नानांनी मान वळवली. पूर्ण वळवली, तेव्हा कुठे उजव्या डोळ्याच्या टप्प्यात कपबशी आली. कपबशीमागे जालिंदर होता, आणि तो नानांच्या डोळ्यांना डोळा देत नव्हता.

"च्यावर साय धरली," आक्काबाई म्हणाल्या. "तुमच्या डोळ्यातबी धरलीय."

नानांना काहीतरी थट्टा करायची होती. बुलेटच्या वेळी जशी आपोआप झाली तशी एखादी. त्यांनी तोंडही उघडलं. पण दुकानात कुणी हसायला तयार नव्हतं. रामसुद्धा जमिनीकडे बघत होता, आणि लोक जमिनीकडे कधी बघतात हे नानांना चांगलं ठाऊक होतं.

"मला दिसतं," ते एवढंच म्हणाले.

"मंग सांगा, मी तुमच्या कोंच्या अंगानं चालती?"

"डाव्या."

"कवापासनं?"

"दिवाळीपासनं. टीव्ही बघून..."

"टीव्ही बघून व्हय!" आक्काबाईंचा आवाज चढला आणि मधेच फुटला. "आवो, त्या बाजूनं ट्रॅक्टर येतात. तुमी त्यांना म्हशी म्हन्ता. जनमभर मागनं चालली मी, ह्या वयात गावाम्होरं शेजारनं चालाय मला काय हौस हाय?"

अख्ख्या बाजाराच्या नजरा नानांनी वाचल्या होत्या; आणि रोज आपल्या शेजारी, आपल्या आणि रस्त्याच्या मध्ये, कोण चालतंय आणि का, हे त्यांनी वाचलं नव्हतं. त्यांना लाज वाटली. त्यांनी जालिंदरच्या हातातून कपबशी घेतली आणि गार चहा सायीसकट पिऊन टाकला.

"सोमवारी यष्टी किती वाजता हाय?" त्यांनी विचारलं.

नगरच्या दवाखान्यात नाना आधी मेंढरासारखे गरीब झाले होते. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी घेतली आणि त्या म्हणाल्या, "वर बघा. खाली बघा. आता डावीकडे." नाना निमूट बघत गेले. बाहेर आल्यावर मात्र त्यांचा चेहरा उजळला होता.

"सौदा जमतोय," ते आक्काबाईंच्या कानाशी लागले. "डोळ्याला लई नावं ठेवली बाईंनी. लई पिकलाय म्हन्ल्या, लई उशीर केला म्हन्ल्या. पन परत परत बघत हुत्या. गिऱ्हाईक पक्कं हाय."

ऑपरेशन नीट झालं. आत भिंग बसवलं. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, आणि महिनाभर काळा गॉगल काढायचा नाही, असं सांगून त्यांना घरी सोडलं. पहिल्या दोन गोष्टी नानांनी लगेच कबूल केल्या. तिसरी ऐकल्यावर त्यांनी दुसरा काही रंग मिळेल का, असं विचारून बघितलं.

बाजारात जे व्हायचं होतं ते झालं. नानांनी ज्याला ज्याला गॉगलवरून माघारी पाठवलं होतं तो प्रत्येक जण त्या शनिवारी शोधत आला. "काय दलाल, डोळं झाकून आला?" असं विचारून गेला. कुणीतरी खोक्यावरची पाटी आणून त्यांच्या गळ्यात अडकवली. नाना पाटी गळ्यात घालूनच दिवसभर फिरले. गंमत म्हणजे सौदे कमी झाले नाहीत. नाना कुणाच्या डोळ्यात बघतायत हे आता कुणालाच कळत नव्हतं, त्यामुळे समोरचा उगाच बिचकून खरं बोलायला लागला. आणि गॉगलच्या आडून नाना पहिल्यांदाच चोरून बैल बघायला लागले. बैल इतके देखणे असतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

महिना संपल्यावरच्या शनिवारी ते जालिंदरच्या दुकानात आले. आक्काबाई बरोबर होत्या, बाजाराची पिशवी होती. नानांनी पाटी पुन्हा खोक्यावर टांगली, गॉगल काढून खिशात ठेवला, आणि बाकड्यावर न बसता खोक्याच्या पुढे जाऊन उभे राहिले. पडद्यावर विमानं उडत होती. नाना बघतच राहिले.

"आरं, ही तर समदी रंगीत हायेत!" ते म्हणाले. "जालिंदर, रुपया दे."

बाकडं मोकळं होतं. आक्काबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि त्या नानांच्या जागेवर टेकल्या. खोकं वाजायला लागलं. नानांनी दांडी घट्ट धरली. खाली एक इवलंसं निळं विमान होतं, पंखांच्या टोकांना पिवळा ठिपका असलेलं. त्यांनी दांडी हलवली की ते हलत होतं. ते इतकं स्वच्छ दिसत होतं, आणि ते त्यांचं होतं. नानांना त्याच्यावरून नजर काढवेना.

हातभर अंतरावरून आक्काबाई त्यांच्या दोन्ही डोळ्यांकडे बघत होत्या.

"आवो," त्या म्हणाल्या, "स्वोताच्या इमानाकडं कशाला बघता? ते तुमचंच हाय, पळून जातंय का?"

नानांनी वर बघायच्या आत विमान पडलं.